रानडुकरांनी मका आडवा केला. तुमच्याकडे राखणीला काय चालतं?

दारणाकाठ
११ जानेवारी २०२६, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमची जमीन इगतपुरी तालुक्यात, दारणा धरणाच्या फुगवट्यापासून थोड्या अंतरावर. एका अंगाला वनखात्याची टेकडी, दुसऱ्या अंगाला ओढा. पावसाळ्यात खाचरात इंद्रायणी घेतो. वरच्या माळाला यंदा ऑक्टोबरात दीड एकर मका पेरला, कणसं आता दुधात आहेत. दोन गाई आहेत, त्यांचा चारा निघेल आणि चार पैसे होतील असा हिशेब होता.

काल रात्री मी आणि चुलतभाऊ एक वाजेपर्यंत शेकोटीला बसलो. डबा वाजवला, बॅटरी फिरवली, कुठे हालचाल नाही. म्हटलं आज काही येत नाहीत. घरी जाऊन पाठ टेकली आणि अडीचला कुत्र्यांनी रान उठवलं. पोचेपर्यंत कळप मक्याच्या मधोमध. बॅटरीच्या उजेडात दहा-बारा तरी दिसली, तीन-चार मोठ्या माद्या आणि बाकी पिल्लं. आरडाओरडा केला तशी ओढ्याकडे गेली, तासाभरात परत आली. दुसऱ्या खेपेला मी एकटाच होतो. एक मादी पिल्लांच्या पुढे येऊन माझ्याकडे तोंड करून फुरफुरत उभी राहिली. मी मागे सरलो. त्या क्षणी मका गेला तर जाऊ दे असंच वाटलं.

सकाळी बघितलं तर वीस गुंठ्यांच्या आसपास मका झोपलेला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळावं म्हणून सांगतो, डुक्कर खातं थोडं आणि मोडतं फार. ताट अंगाने लोटून आडवं करायचं, कणीस अर्धं चावून टाकायचं आणि पुढच्या ताटाला लागायचं. बांध तर नांगर घातल्यासारखा उकरलाय. भातातही हेच झालं होतं. ओंब्या भरल्यावर कळप खाचरात येऊन लोळला. चिखलात दाबला गेलेला भात कापताही येत नाही आणि गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. तेव्हा मी कुठेच तक्रार केली नाही. म्हटलं कोण चकरा मारणार.

सकाळी शेजारचे एक जण बघायला आले. म्हणाले, "मोटारीच्या पेटीतून तार ओढ आणि बांधाने फिरव. दोन रात्रीत निकाल लागतो." आईच्या कानावर ते पडलं आणि ती जेवत्या ताटावरून उठली.

तुम्ही लोक काय करता? जे खरंच चाललंय तेच सांगा.

कडवा_कालवा
११ जानेवारी, सकाळी ९.०२

दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्या निफाडच्या बाजूला माझ्या वडलांच्या काळात डुकरं ऐकिवात नव्हती. आता उसामुळे बारमाही मुक्काम आहे. ऊस त्यांना खायला होतो, लपायला होतो आणि पिल्लं घालायलाही होतो. तोड सुरू झाली की मात्र सगळा कळप जागा सोडतो. एका शिवारातला ऊस कारखान्याला गेला की डुकरं रातोरात शेजारच्या मक्यात नाहीतर गव्हात. तुमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला गेल्या पंधरवड्यात कोणाचा ऊस तुटलाय का, ते आधी बघा. तसं असेल तर कळप नवा आहे, अजून वाट बसलेली नाही. नव्या कळपाला हटवणं सोपं जातं. एकदा वाट बसली की ती बुद्धिबळाच्या घोड्यासारखी कुठून वळून येतील सांगता येत नाही.

माझी द्राक्षबाग आहे. घडांना फारसा त्रास नाही, पण शेणखत टाकलं की त्यातली हुमणी आणि गांडुळं उकरायला येतात आणि ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात. सकाळी मोटार चालू केली की जागोजागी कारंजी.

बांधावरून
११ जानेवारी, सकाळी १०.३५

करंट लावू नका. एवढंच लिहून थांबणार होतो, पण कारण सांगितल्याशिवाय पटत नाही म्हणून लिहितो.

चार वर्षं झाली. सिन्नर तालुक्यात माझा मावसभाऊ होता, वय ३१. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. गव्हाला पाणी धरायला तो अकराच्या पुढे गेला. शेजारच्या वावरात डुकरांसाठी उघडी तार फिरवलेली होती. लावणाऱ्याने आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्या भावाला सांगायचं राहून गेलं. पाण्याची दारं मोडताना त्याचा पाय ओल्या बांधावर पडला आणि तारेला लागला. पहाटे चारला त्याची बायको शोधत गेली. नशीब एवढंच की तिने त्याला हात लावायच्या आधी सासऱ्याने आरोळी मारून थांबवलं.

दोन लहान मुली आहेत. तार लावणारा माणूस काही वाईट नव्हता हो. लग्नकार्यात एका पंगतीला बसणारा, अडीनडीला बैलजोडी देणारा. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आहे, कोर्टाच्या तारखा चालू आहेत, जमिनीचा तुकडा वकिलापायी गेला. दोन्ही घरं बसली. त्या रात्री डुक्कर एकही मेलं नाही.

दारणाकाठ दादा, आईचं ऐका.

दारणाकाठ
११ जानेवारी, सकाळी ११.२०

वाचलं. तार लावणार नाही. आईला वाचून दाखवलं.

तुमच्या भावाबद्दल काय बोलू, शब्द नाहीत.

कडवा_कालवा: हो, ओढ्याच्या वर ५ तारखेच्या सुमारास ऊस तुटलाय. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

निवृत्त_वनपाल
११ जानेवारी, दुपारी १.४५

मी नाशिक पश्चिम वनविभागात बरीच वर्षं काढली. खात्याची बाजू मांडायला आलेलो नाही, मला जे माहीत आहे ते सांगतो.

पहिलं काम आजच करा. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज गेला पाहिजे. सातबारा, आठ अ, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि फोटो जोडा. फोटोत आडवं पीक यावं, उकरलेली जमीन यावी आणि पायाचे ठसे यावेत. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, माप कळतं. डुकराचा ठसा दोन खुरांचा असतो आणि मऊ जमिनीत मागे दोन छोट्या नख्यांच्या खुणा उमटतात, त्यावरून शेळी-मेंढीपासून तो वेगळा ओळखू येतो. पंचनाम्याला वन, महसूल आणि कृषी अशी तिन्ही खात्यांची माणसं येतात. ती येईपर्यंत आडवा मका तोडून गाईंना घालू नका. हीच चूक सगळे करतात आणि मग पंचनाम्यात क्षेत्र कमी भरतं.

आता जनावराबद्दल. डुकराची नजर बेताची, नाक मात्र जबरदस्त. कळप माद्यांचा आणि पिल्लांचा असतो, मोठा नर एकटा हिंडतो. गाभणकाळ चार महिन्यांच्या आतबाहेर, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात आणि पोटभर खायला मिळालं तर त्यातली बरीच जगतात. पूर्वी उन्हाळा त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचा. मार्च ते जून रानात कंदमुळांपलीकडे फार काही नसायचं आणि पाण्याला लांब जावं लागायचं. आता कालवा आहे, शेततळी आहेत, बारा महिने हिरवं उभं आहे. बिबट्या पिल्लं उचलतो, पण सुळेवाल्या नराच्या वाटेला सहसा जात नाही. लांडगे आणि कोळसून (रानकुत्री) यांचा आधार आपल्याकडे जवळपास संपला. "जंगल तुटलं म्हणून डुकरं शेतात आली" हे अर्धंच खरं आहे. माझ्या बघण्यात तरी शेतातच जन्मलेले आणि जंगलाचं तोंड न पाहिलेले कळप आहेत.

काल पिल्लांच्या मादीसमोर तुम्ही मागे सरलात ते बरोबर केलंत. एकट्याने कळपाच्या आणि पळवाटेच्या मध्ये कधी उभं राहू नका. डुक्कर अंगावर आलं तर मांडीला फाडतं.

गिरणाखोरं
११ जानेवारी, दुपारी ३.१०

अर्ज, पंचनामा, फोटो. शेतकऱ्याने शेती करायची का कागद गोळा करायचे? कळवणला माझा एक एकर भुईमूग गेल्या उन्हाळ्यात तीन रात्रीत उकरून खाल्ला. पेरलेलं बीसुद्धा ओळीने हुंगत जाऊन काढतात, जसं काही त्यांनीच पेरलंय. आलेली भरपाई बियाण्याच्या खर्चालाही पुरली नाही. सरसकट मारायची परवानगी द्या, एका वर्षात प्रश्न मिटेल. ज्यांच्या ताटातलं जात नाही त्यांनी प्राणीप्रेम शिकवू नये.

निवृत्त_वनपाल
११ जानेवारी, सायंकाळी ५.३०

गिरणाखोरं भाऊ, तुमचा राग मला समजतो. तीन रात्रीत एक एकर भुईमूग जाताना मी स्वतः पाहिलाय, तुम्ही वाढवून सांगत नाही आहात.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला, त्यानंतर रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या यादीत, अनुसूची २ मध्ये आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक ठरलेलं असं जनावर मारायची लेखी परवानगी देता येते. आपल्या राज्यात नीलगाय आणि रानडुकरासाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली दिलेला आहे. तेव्हा परवानगीच नाही असं नाही. अडचण पुढे येते. परवानगी हातात आली तरी मारणार कोण? परवान्याची बंदूक आणि रात्री नेम धरणारा माणूस किती गावांत आहे? विष, फास, गावठी बॉम्ब आणि विजेची तार कोणत्याही परवानगीत बसत नाहीत. कणकेच्या गोळ्यातल्या बॉम्बने जबडा फुटलेल्या गाई मी पाहिल्यात. शिवाय मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते, मटण वाटून घेता येत नाही. मग फुकटात रात्र जागायला कोण तयार होणार?

सरसकटची वाटही कायद्यात आहे, कलम ६२. केंद्राने ठरावीक भागात ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीर करायचं. बिहारच्या काही जिल्ह्यांत आणि उत्तराखंडात २०१५-१६ च्या सुमारास रानडुकराबाबत तसं झालं होतं. केरळने पुष्कळदा मागणी केली, केंद्राने मान्य केली नाही, तेव्हा २०२२ पासून त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना परवानगीचे अधिकार दिले. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या हातात असं काही यावं असं माझं स्वतःचं मत आहे. पण ते होईपर्यंत तुमचा भुईमूग वाचवायला कुंपण आणि राखण याशिवाय दुसरं काही नाही.

नागली_वरई
११ जानेवारी, रात्री ९.१५

मी त्र्यंबकच्या पुढची, हरसूलच्या बाजूची. आमच्याकडे डोंगरउतारावर नागली, वरई, खुरासणी आणि खाली खाचरात भात. नागलीची बोंडं पिवळी पडायला लागली की घरातलं एक माणूस शेतातल्या राखणीच्या माळ्यावर झोपायला जातं ते काढणी होईपर्यंत. आमच्या घरी ते माणूस म्हणजे मी. नवरा कामासाठी नाशिकला असतो. थोरला मुलगा नववीत आहे, त्या महिन्यात त्याची शाळा अर्धीच होते. रात्री माझ्यासोबत जागतो आणि सकाळी वर्गात पेंगतो. डुकरांनी किती खाल्लं ते मोजलं जातं, पोराची बुडालेली शाळा कोणी मोजत नाही.

आमच्याकडे वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. लाकडावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेला असतो आणि शिवेवर तो उभा असतो. सासूबाई सांगायच्या, वाघ आमच्या गुरांना जपू दे आणि डुकरांना रानातच ठेवू दे असं मागायचं. लहानपणी ती नुसती रीत वाटायची. आता माळ्यावर बसलं की त्या मागण्यातलं खरेपण कळतं.

वनपाल काका, एक विचारायचं होतं. आमच्याकडे वनपट्टा आहे, सातबारा नाही. दोन वर्षांपूर्वी भरपाईचा अर्ज घेऊन गेले तर सातबारा नाही म्हणून तोंडी सांगून परत पाठवलं. पुन्हा गेले नाही.

निवृत्त_वनपाल
११ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, पुन्हा जा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेलं प्रमाणपत्र हा तुमच्या कसण्याच्या हक्काचा सरकारी कागद आहे. त्याची प्रत, जमिनीचा नकाशा असेल तर तो आणि ग्रामपंचायतीचा पीक उभं असल्याचा दाखला जोडा. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. नाकारत असतील तर कारण लिहून मागा. तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागता येत नाही, लेखी नकाराविरुद्ध मागता येते. ओळखीचं कोणी सोबत हवं असेल तर मला व्यक्तिगत निरोप टाका, मी येईन.

कृषी_मित्र
१२ जानेवारी, सकाळी ७.३०

शेतकऱ्यांसोबत बांधावर काम करतो. घरगुती उपायांबद्दल लोक सरसकट "सगळं चालतं" किंवा "काहीच चालत नाही" असं बोलतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बुजगावणं, रेडिओ आणि लुकलुकणारे दिवे तीन-चार रात्री चालतात. डुक्कर शिकतं. आवाज रोज एकाच जागेवरून आला आणि त्याच्यामागे माणूस नसला की पाचव्या रात्री ते त्याच्या शेजारून जातं. फटाक्यांचंही तेच. म्हणून रोज जागा बदला आणि दोन गोष्टी एकदम वापरा.

वासाचे उपाय डुकराच्या नाकावर चालतात, त्यामुळे त्यांना काही अर्थ आहे. सलूनमधले केस बांधाच्या कडेने फूटभर रुंदीत पसरले की हुंगताना नाकात जातात आणि ते मागे फिरतं. केस विरळ टाकून उपयोग नाही, आणि दव-पावसाने दबले की पुन्हा टाकावे लागतात. सुती दोरी एरंडेलात भिजवून वीतभर-दीड वीत उंचीवर बांधणारेही आहेत. शेणाच्या गोवऱ्यांवर सुकी मिरची टाकून धूर केला तर वारा आपल्या बाजूचा असेपर्यंत चालतं. जुन्या साड्यांचं कुंपण नव्या कळपाला अडवतं, मुरलेल्याला नाही.

मला स्वतःला पिकाचं कुंपण जास्त भरवशाचं वाटतं. हैदराबादच्या कृषी विद्यापीठात उपद्रवी प्राण्यांवरच्या अखिल भारतीय प्रकल्पात हे तपासलेलं आहे. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या दाट ओळी, मक्याभोवती एरंडीच्या चार ओळी. एरंडीला डुक्कर तोंड लावत नाही आणि तिच्या उग्र वासात आतल्या मक्याचा वास त्याला लागत नाही. पण हे पेरणीच्या वेळेलाच, खरं तर थोडं आधी करायचं काम आहे. कणसं भरल्यावर एरंडी लावून काही होत नाही. दारणाकाठ दादांच्या या मक्याला उशीर झालाय, उन्हाळी भुईमूग करणार असाल तर आत्ताच विचार करा.

झटका_मशीन
१२ जानेवारी, सकाळी ९.४०

दिंडोरीत सहा वर्षं सौर कुंपण वापरतोय. आधी एक गोष्ट साफ करतो, कारण गावात लोक मोटारीचा करंट आणि झटका मशीन एकच समजतात. मोटारीच्या लाईनमधला करंट सलग वाहतो, हात चिकटला की सुटत नाही. झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ते दर सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा जोरदार ठोका देतं आणि मधल्या वेळात तार मोकळी असते. लागलं तर माणूस ओरडून मागे उडी मारतो, जिवाला धोका नसतो. माझ्या पोराला दोनदा लागलाय. मात्र मशीन प्रमाणित कंपनीचं घ्या आणि पाट्या लावा. कोणी हुशार माणूस त्याच तारेला घरची लाईट जोडू बघेल तर त्याला हाकलून द्या.

बहुतेकांचं कुंपण फुकट का जातं ते सांगतो. पहिली तार उंच बांधतात. डुक्कर खालून घुसतं, त्याच्या पाठीवर राठ केस आणि जाड कातडं, तिथे झटका जाणवतच नाही. त्याचं ओलं नाक तारेला लागलं पाहिजे. म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी त्याच्या वर तेवढ्याच अंतरावर. मग गवत. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की सगळा ठोका जमिनीत जातो, त्यामुळे पंधरा दिवसांनी खालची पट्टी साफ हवी. तिसरं अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन कोरडी झाली की झटका मरतो, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घाला आणि अधूनमधून पाणी सोडा.

आणि एकट्याने करू नका. माझ्या पहिल्या वर्षी मी फक्त माझ्या चार एकराला कुंपण केलं. माझं वाचलं आणि कळप शेजारच्या विधवा काकूंच्या टोमॅटोत गेला. त्यांनी मला शब्दाने बोल लावला नाही, पण मला आजही ते खटकतं. दुसऱ्या वर्षी ओढ्याच्या बाजूने सात जणांचं मिळून केलं. खर्चही विभागला.

सातपूरकर
१२ जानेवारी, दुपारी १२.१५

मी शहरात राहतो, शेती नाही. फक्त वाचत होतो. नागली_वरई ताईंच्या मुलाचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही बाजारातून इंद्रायणी घेताना भावाची घासाघीस करतो, त्यामागे कोणी महिनाभर माळ्यावर जागलंय हे खरंच माहीत नव्हतं. एक प्रश्न आहे. कुंपणाला सरकारी मदत मिळत नाही का? आणि पीकविम्यात हे बसत नाही का?

कृषी_मित्र
१२ जानेवारी, दुपारी २.००

कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, पण त्यासाठी गाव योजनेच्या यादीत असावं लागतं. आपलं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून द्या.

विम्याचं असं आहे की आतापर्यंत वन्यप्राण्यांचं नुकसान प्रधानमंत्री पीकविम्यात नीट बसत नव्हतं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून ते स्थानिक आपत्तीत जोडीची जोखीम म्हणून घेता येईल. ७२ तासांच्या आत पीकविम्याच्या ॲपवर फोटोसह कळवायचं. पण कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे राज्याने अधिसूचित करायचं आहे, आणि ते मागच्या नुकसानीच्या नोंदींवरून ठरणार. इथेच आपली गोची आहे. दारणाकाठ दादांनी भाताचं नुकसान कळवलं नाही, त्यांच्यासारख्या पन्नास जणांनी कळवलं नसेल. सरकारी कागदावर त्या शिवारात मागच्या खरिपात डुक्कर आलंच नाही.

गिरणाखोरं
१२ जानेवारी, रात्री ८.५०

हे पटलं. पैसे किती येतील ते येवोत, नोंद तरी होईल. माझ्या गावातल्या लोकांनाही सांगतो. वनपाल साहेब, काल जरा जोरात बोललो.

निवृत्त_वनपाल
१२ जानेवारी, रात्री ९.३०

भाऊ, तेवढा हक्क आहे तुम्हाला.

दारणाकाठ
१९ जानेवारी, सकाळी ७.००

अर्ज त्याच दिवशी दिला होता. सहाव्या दिवशी पंचनामा झाला. तिघंही आले, टेपने मोजलं, २२ गुंठे भरलं. माझ्या अंदाजापेक्षा जास्तच. आडव्या मक्याला हात लावला नव्हता म्हणून नीट मोजता आलं, नाहीतर गाईंच्या पोटात पुरावा गेला असता.

दुसरी गोष्ट. पंचनाम्याची माणसं बघून शेजारचे पाच जण जमले. कोणाचा हरभरा, कोणाचा गहू, एकाच्या काकड्या. एकानेही आजवर अर्ज केलेला नव्हता. ज्यांचं नुकसान तीन दिवसांतलं होतं त्या दोघांचे अर्ज तिथेच बांधावर बसून लिहिले. अक्षर माझ्या पुतणीचं.

कळप अजून येतोय. आता आम्ही पाळ्या लावल्यात, एका वेळी तिघं, एकटं कोणी जायचं नाही. दर रात्री शेकोटीची जागा बदलतो.

बांधावरून
१९ जानेवारी, सकाळी ८.२०

शेजारच्यांची तार?

दारणाकाठ
१९ जानेवारी, सकाळी ८.४५

त्यांना तुमचा मजकूर मोबाईलवर दाखवला. दोनदा वाचला. काही बोलले नाहीत, घरी गेले.

दारणाकाठ
९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

उशिरा लिहितोय, कामात होतो.

ओढ्याच्या बाजूने नऊ जणांचं मिळून झटका कुंपण उभं राहिलं, अकराशे मीटरच्या आसपास. अनुदानाची वाट बघितली नाही, गाव यादीत नाही असं कळलं. ठराव ग्रामसभेत ठेवणार आहोत. माणशी साडेपाच हजार आले. दोघांकडे लगेच पैसे नव्हते, त्यांनी खड्डे खणले आणि खांब रोवले, त्यांचा हिशेब त्यात धरला. झटका_मशीन दादांनी सांगितल्याप्रमाणे खालची तार वीतभर उंचीवर. खांबांना लागणारी तार थोडी कमी पडली, तर करंटचा सल्ला देणारे शेजारी घरातून गुंडाळी घेऊन आले. नवी कोरी होती. कशासाठी आणली होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पहिल्या दोन रात्री ओढ्यात मोठा कलकलाट झाला, बहुतेक नाकाला बसला असावा. तिसऱ्या रात्री कळप रस्त्याच्या बाजूने आला, तिथे बैलगाडीसाठी वाट मोकळी ठेवली होती. आता तिथे रात्री उचलून लावायचं फाटक केलंय. त्यानंतर बारा रात्री माझ्या उरलेल्या मक्याला धक्का नाही. टेकडीच्या बाजूला मात्र एक मोठा नर एकटाच येतो, तो एका जागी खालून माती उकरून आत शिरला. तिथे दगड भरलेत. वनपाल साहेब, त्याच्यासाठी आणखी काही करता येईल का?

राखण बंद केलेली नाही. पाळ्या तीन रात्रींतून एकदा येतात, बाकी दोन रात्री झोप मिळते.

निवृत्त_वनपाल
१० फेब्रुवारी, सकाळी ६.५०

एकटा नर हट्टी असतो. दगडांबरोबर त्या जागी बाहेरच्या अंगाला अजून एक तार हातभर पुढे आणि अगदी खाली ओढा, म्हणजे उकरायला वाकला की नाक आधी तिथे लागेल. काटेरी बोरी-बाभळीच्या फांद्याही टाका. रोज येत असेल तर वनरक्षकाला कळवून ठेवा, त्याची नोंद राहू दे.

दारणाकाठ
१० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

करतो आजच.

आणखी एक. मका निघाला की अर्धा एकर उन्हाळी भुईमूग करायचा विचार आहे, आधी चारी बाजूंनी एरंडी टोकून घेतो. घोटीला दोन दुकानांत विचारलं, बी मिळालं नाही. कोणाकडे आहे का?

नागली_वरई
१० फेब्रुवारी, सकाळी ७.४०

माझ्या परसात एरंडीची चार जुनी झाडं आहेत, बी वाळवून डब्यात ठेवलंय. तुमच्या अर्ध्या एकराच्या कडेला पुरेल एवढं नक्की आहे. पुढच्या घोटीच्या बाजाराला भाऊ येणार आहे, त्याच्याकडे देते. माझा अर्जही वनपट्ट्याची प्रत लावून तयार आहे, नागलीच्या वेळी लागेल म्हणून आत्ताच करून ठेवलाय. वनपाल काका, एकदा नजर टाकाल का? फोटो पाठवते.